आल्फ्रेड वेगेनर: खंड सरकतात हे ज्यांनी सांगितले, पण का सरकतात ते ज्यांना सांगता आले नाही

जगाच्या नकाशावर भूकंपाच्या प्रत्येक ठिकाणी एक टिंब दिले, तर ती टिंबे सगळीकडे सारखी विखुरलेली दिसत नाहीत. त्यांचे पट्टे तयार होतात. जपान, इंडोनेशिया, चिलीचा किनारा, अटलांटिक महासागराचा मध्यभाग. जागृत ज्वालामुखींची टिंबे दिली, तर तीही बहुतेक याच पट्ट्यांत पडतात. असे का होते, याचे समाधानकारक उत्तर १९६० च्या दशकात मिळाले. मात्र त्या उत्तराचा पाया घालणाऱ्या माणसाचा मृत्यू १९३० सालीच ग्रीनलँडच्या बर्फात झाला होता. त्यांचे नाव आल्फ्रेड वेगेनर.

आकाशाकडून जमिनीकडे

वेगेनर यांचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजी बर्लिनमध्ये झाला. १९०५ मध्ये त्यांनी खगोलशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, पण त्यांचा ओढा हवामानशास्त्राकडे होता. १९०६ मध्ये ते आणि त्यांचे भाऊ कुर्ट ५२ तासांहून अधिक काळ बलूनमधून हवेत राहिले आणि त्या काळचा विक्रम केला. त्याच वर्षी ते पहिल्यांदा ग्रीनलँडच्या मोहिमेवर गेले. परतल्यावर मारबुर्ग विद्यापीठात शिकवू लागले. हवामानाच्या वर्गीकरणासाठी आजही ज्यांचे नाव घेतले जाते, त्या व्लादिमिर कोपेन यांची मुलगी एल्झे हिच्याशी १९१३ मध्ये त्यांचा विवाह झाला.

थोडक्यात, वेगेनर भूशास्त्रज्ञ नव्हते. ही गोष्ट पुढे त्यांच्या विरोधात वारंवार वापरली गेली.

नकाशातली खाच

दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा एकमेकांत बसतील असे दिसतात, हे वेगेनर यांच्या आधीही अनेकांच्या लक्षात आले होते. वेगेनर तिथेच थांबले नाहीत. १९११ मध्ये त्यांच्या वाचनात आले, की महासागराच्या दोन्ही बाजूंना सारखेच जीवाश्म सापडतात. मग त्यांनी पुरावे गोळा करायला सुरुवात केली.

मेसोसॉरस या पाण्यात राहणाऱ्या लहान सरपटणाऱ्या प्राण्याचे अवशेष ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका या दोन्ही ठिकाणी मिळतात. त्याला अटलांटिक पोहून जाणे शक्य नव्हते. ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीच्या पानांचे ठसे भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका इथे सापडतात. ओडिशातील तालचेर भागात हिमनद्यांनी आणून टाकलेले दगडगोटे आहेत, तर उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गेनमध्ये दगडी कोळसा आहे. उष्ण प्रदेशात हिमनद्या आणि बर्फाळ प्रदेशात जंगले कशी?

त्या काळी यावर दोन उत्तरे होती. खंडांना जोडणारे जमिनीचे पूल पूर्वी होते आणि ते समुद्रात बुडाले, हे पहिले. पृथ्वी थंड होऊन आकसते आणि वाळलेल्या सफरचंदाच्या सालीला पडाव्यात तशा सुरकुत्या पडून पर्वत तयार होतात, हे दुसरे. वेगेनर यांना दोन्ही पटली नाहीत. खंडांचे खडक समुद्रतळाच्या खडकांपेक्षा हलके असतात, त्यामुळे एवढे मोठे भूभाग बुडणार नाहीत. आणि पृथ्वी आकसत असेल तर पर्वत सगळीकडे सारखे हवेत, ते ठरावीक पट्ट्यांतच का?

६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्टमधील भूशास्त्रज्ञांच्या बैठकीत त्यांनी आपला विचार मांडला: सगळे खंड एके काळी एकत्र होते आणि पुढे ते एकमेकांपासून दूर सरकले. पहिल्या महायुद्धात ते दोनदा जखमी झाले. त्या काळात त्यांनी खंड आणि महासागरांच्या उत्पत्तीवरचे पुस्तक लिहून काढले. ते १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारताचा भूभाग आशियात रेटला गेल्याने हिमालय उभा राहिला, असेही त्यांचे म्हणणे होते.

विरोध का झाला?

वेगेनर यांच्यावर झालेली सगळीच टीका आकसाची नव्हती. एवढे प्रचंड खंड हलवते कोण, या प्रश्नावर त्यांनी पृथ्वीच्या फिरण्यामुळे निर्माण होणारे बल आणि भरती-ओहोटीचे बल अशी कारणे दिली. ब्रिटिश भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी दाखवून दिले, की ही बले त्यासाठी फारच क्षीण आहेत. ही टीका बरोबर होती. ग्रीनलँड दर वर्षी किती सरकते याचा वेगेनर यांचा अंदाजही प्रत्यक्षापेक्षा कितीतरी पट जास्त होता.

कारण चुकल्यामुळे बहुतेकांनी पुरावाही बाजूला सारला. वेगेनर मात्र पुस्तकाच्या नव्या आवृत्त्या काढत राहिले. चौथी आवृत्ती १९२९ मध्ये आली.

शेवटची मोहीम

१९३० मध्ये ते पुन्हा ग्रीनलँडला गेले, या वेळी मोहिमेचे प्रमुख म्हणून. किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटर आत, बर्फाच्या पठारावर, हवामान केंद्र उभारले होते. तिथे हिवाळा काढणाऱ्या सहकाऱ्यांकडे पुरेसे सामान पोहोचले नव्हते. सप्टेंबरच्या अखेरीस वेगेनर स्वतः निघाले. भयंकर थंडीत बरोबरचे बहुतेक ग्रीनलँडवासी मागे फिरले. वेगेनर, फ्रिट्झ लोवे आणि रासमुस विल्लुमसेन हा ग्रीनलँडचा तरुण ३० ऑक्टोबरला केंद्रावर पोहोचले. लोवे यांच्या पायाची बोटे थंडीने निकामी झाली होती, ते तिथेच राहिले.

१ नोव्हेंबरला, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, वेगेनर आणि रासमुस परत निघाले. दोघेही किनाऱ्यावर पोहोचले नाहीत. मे १९३१ मध्ये वेगेनर यांचा देह निम्म्या वाटेवर सापडला. रासमुसने तो नीट पुरून खुणेसाठी स्की उभ्या रोवल्या होत्या. रासमुसचा पत्ता मात्र कधीच लागला नाही.

उत्तर समुद्रतळाशी मिळाले

खंड हलवणारे कारण पृथ्वीच्या पोटातली उष्णता असावी, असे ब्रिटिश भूशास्त्रज्ञ आर्थर होम्स १९२० च्या दशकाच्या अखेरीस सुचवू लागले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर समुद्रतळाचे नकाशे तयार झाले. मेरी थार्प यांना अटलांटिकच्या मध्यावरील डोंगररांगेत एक लांबलचक दरी दिसली. १९६२ मध्ये हॅरी हेस यांनी मांडले, की अशा ठिकाणी नवा समुद्रतळ तयार होतो आणि दोन्ही बाजूंना सरकतो. पुढच्याच वर्षी फ्रेडरिक व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी समुद्रतळाच्या खडकांतील चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ याच कल्पनेने लावला. दशक संपेपर्यंत भूपट्टांचा सिद्धांत उभा राहिला. वेगेनर यांना वाटले होते तसे खंड समुद्रतळ कापत जात नाहीत. खंड आणि समुद्रतळ दोन्ही मिळून बनलेले जाड भूपट्ट सरकतात.

भूकंपांच्या टिंबांचे पट्टे म्हणजे या भूपट्टांच्या कडा. कडा एकमेकींत अडकतात, ताण साठतो आणि तो एकदम मोकळा झाला की भूकंप होतो. जिथे समुद्री भूपट्ट दुसऱ्याखाली खचतो, तिथे त्याच्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यामुळे वरचा तप्त खडक वितळतो आणि ज्वालामुखी तयार होतात. इंडोनेशियात आणि चिलीत हेच घडते. हिमालयात खंडाची खंडाशी टक्कर आहे, म्हणून तिथे भूकंप आहेत पण ज्वालामुखींची रांग नाही. नियमाला अपवादही आहेत. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप भूपट्टाच्या कडेवर नव्हे, तर अंतर्भागात झाला.

आज उपग्रहांच्या मदतीने भूपट्टांचा वेग मोजता येतो. भारत दर वर्षी सुमारे ५ सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो. वेगेनर यांनी दिलेली कारणे पुस्तकांतून बाद झाली. मेसोसॉरस, ग्लॉसोप्टेरिस आणि तालचेरचे दगडगोटे हे त्यांनी पुढे ठेवलेले पुरावे मात्र खंड सरकल्याची साक्ष म्हणून आजही शिकवले जातात.