ग्रीक न जाणणारा शब्दकर्ता

मायकेल फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ एका लोहाराच्या घरी झाला. घरी दारिद्र्य होते. शाळेत लिहिणे, वाचणे आणि जुजबी हिशेब एवढेच पदरी पडले. वयाच्या चौदाव्या वर्षी ते एका पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे उमेदवारीसाठी राहिले. बांधणीला आलेली पुस्तके ते वाचून काढीत. विश्वकोशातील विजेवरील लेख असाच त्यांच्या हाती पडला. १८१२ साली त्यांनी हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली व आपली टिपणे नीट बांधून त्यांच्याकडे पाठवली. पुढच्याच वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत त्यांना मदतनिसाची जागा मिळाली.

१८३१ साली चुंबकाच्या साहाय्याने वीज निर्माण करून दाखवल्यानंतर, विजेमुळे द्रवातील पदार्थाचे विघटन कसे होते, याचा ते शोध घेऊ लागले. तेव्हा अडचण आली ती शब्दांची. द्रवात बुडवलेल्या विजेच्या टोकांना त्या काळी ध्रुव म्हणत. ध्रुव म्हटले की चुंबकासारखी ओढ मनात येते. पदार्थाचे घटक अशा ओढीने सरकतात, हे तर फॅरडे यांना मान्य नव्हते. जुने नावच चुकीचे मत गळी उतरवत होते.

शास्त्रीय नावे ग्रीकमधून घेण्याची प्रथा होती आणि फॅरडे यांना ग्रीक येत नव्हते. विचारण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. १८३४ साली त्यांनी केंब्रिजचे विद्वान विल्यम ह्यूएल यांना पत्र लिहिले. पृथ्वीचे चुंबकत्व पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणाऱ्या विजेमुळे आहे, अशी कल्पना करून फॅरडे दोन टोके ओळखत. त्यावरून ह्यूएल यांनी उगवतीकडच्या टोकाला अॅनोड, म्हणजे वर जाणारी वाट, आणि मावळतीकडच्या टोकाला कॅथोड, म्हणजे खाली उतरणारी वाट, ही नावे सुचवली. टोकांकडे जाणाऱ्या घटकाला नाव मिळाले आयन, म्हणजे जाणारा. आज आयन म्हणजे विद्युतभारित अणू किंवा अणुगट. अणूंविषयी सावधपणे बोलणाऱ्या फॅरडे यांच्या लेखी मात्र तो केवळ प्रवासी होता.

विजेविषयीची मते पुढे बदलली तरी टिकतील, अशीच नावे त्यांना हवी होती. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले. १८९७ साली जे. जे. थॉमसन यांना कॅथोडपासून निघणाऱ्या किरणांत इलेक्ट्रॉन सापडला. तारेतील हे कण विजेच्या मानलेल्या दिशेच्या उलट जातात, असे पुढे कळले. तरीही ती नावे बदलावी लागली नाहीत.