सॅम्युएल कोल्ट

सॅम्युएल कोल्ट (१९ जुलै, १८१४ – १० जानेवारी, १८६२) हे अमेरिकन शस्त्रनिर्माते होते. हार्टफर्ड येथे जन्मलेले कोल्ट १८३० मध्ये कलकत्त्याच्या सफरीवर निघाले. त्याच जलप्रवासात त्यांनी रिव्हॉल्व्हरचा लाकडी नमुना कोरला, असे सांगितले जाते. १८३६ मध्ये त्यांना अमेरिकेत पेटंट मिळाले. परंतु पॅटरसन येथील पहिला कारखाना १८४२ मध्ये बंद पडला. १८४७ च्या सरकारी मागणीने ते सावरले आणि मृत्यूसमयी अतिशय धनाढ्य होते.

पहिले अपयश संग्राहकांच्या मात्र पथ्यावर पडले, कारण पॅटरसन रिव्हॉल्व्हर थोडीच बनली. त्यांतील आरंभीच्या प्रतींना बार ठासण्याचा जोडदांडा नाही. तो १८३९ च्या सुमारास आला. १८४७ ची ‘वॉकर’ सुमारे १,१०० बनली. सैन्याच्या हजार प्रतींवर तुकडीचे अक्षर व क्रमांक आढळतात, तर नागरी प्रतींचे क्रमांक १००१ पासून सुरू होतात. सर्व भागांवरील क्रमांक जुळणे आणि मूळ पृष्ठभाग टिकणे यांवर मूल्य ठरते. हौसेने घासून चकचकीत केलेली प्रत उलट स्वस्त होते, हे नवख्यांना सहसा पटत नाही. मूळ पेटीसह जपलेली एक नागरी वॉकर २०१८ मध्ये १८ लाख ४० हजार डॉलरांना विकली गेली.