लोहाराच्या मुलाने मोजलेली वीज

लंडनमधील जॉर्ज रिबो यांच्या दुकानात पुस्तके बांधता बांधता ती वाचून काढणारा उमेदवार पुढे जगाला विजेचे मोजमाप शिकवील, असे त्या काळी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. मायकेल फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी एका लोहाराच्या घरी झाला. घरात कायमची चणचण. शिक्षण जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरते. बीजगणित तर त्यांना अखेरपर्यंत परकेच राहिले. १८१२ मध्ये एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर त्यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सर हम्फ्री डेव्ही यांची चार व्याख्याने ऐकली. त्यांची टिपणे बांधून डेव्हींना पाठविली आणि मार्च १८१३ मध्ये ते तेथेच साहाय्यक म्हणून रुजू झाले.

विजेच्या साह्याने सोडियम आणि पोटॅशियम वेगळे करणारे डेव्ही हे त्या काळातील मोठे नाव. मात्र गुरु-शिष्याचे हे नाते पुढे सरळ राहिले नाही. १८२४ मध्ये फॅरेडे रॉयल सोसायटीवर निवडून आले, तेव्हा अध्यक्षपदी असलेल्या डेव्हींनीच त्यांना विरोध केला होता. विजेरीच्या तारांची टोके आपल्या आकर्षणाने पदार्थ फोडतात, हे मत डेव्हींचे. १८२९ मध्ये डेव्ही निवर्तले. चार वर्षांनी फॅरेडे यांनी ते मत खोडून काढले. क्षारात भिजविलेल्या हळदीच्या कागदाला धातूचे टोक न लावता, केवळ हवेतून वीज पोचविली, तरी कागद लाल झाला. विघटन टोकांमुळे नव्हे, तर पदार्थातून वाहणाऱ्या विजेमुळे होते, हे त्यातून दिसले.

मग प्रश्न उरला तो किती विजेला किती वायू, याचा. आम्लमिश्रित पाण्याचे अनेक घट त्यांनी एकाच प्रवाहात एकापुढे एक जोडले. एकात रुंद पट्टी, दुसऱ्यात अरुंद. कुठे आम्ल तीव्र, कुठे सौम्य. हायड्रोजन मात्र सगळीकडे सारखाच निघाला. तेव्हा जमलेला वायू मोजून वीजच मोजता येईल, हे त्यांनी ओळखले आणि खुणा केलेल्या काचनळीचे एक उपकरण सिद्ध केले. इलेक्ट्रोड, अ‍ॅनोड, कॅथोड, आयन हे शब्दही १८३४ मध्ये विल्यम व्हेवेल यांच्या सल्ल्याने रूढ झाले ते याच कामातून.

आजचे गणित याच पायावर उभे आहे. एक अँपिअर प्रवाह तासभर वाहिला की ०.०३७६ ग्रॅम हायड्रोजन मिळतो. शून्य अंश तापमानाला आणि एक वातावरण दाबाला सुमारे ०.४१८ लिटर. वीस अँपिअरला, अर्थात, त्याच्या वीसपट, म्हणजे ८.३६ लिटर. पट्टीचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर असेल, तर प्रवाह घनता होते दर चौरस सेंटिमीटरला ०.२ अँपिअर, पट्टी दुप्पट केली तर ०.१. हायड्रोजन तितकाच राहतो! नवखा माणूस नेमका इथेच चकतो. मोठ्या पट्टीचा फायदा वेगळा आहे : घनता उतरते, लागणारा दाब कमी होतो आणि विजेचे बिल वाचते. पाणी फोडण्यास तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात. व्यवहारात दीड-दोन व्होल्टपर्यंत जावे लागते, ते घनता वाढली की अधिकच. एक किलो हायड्रोजनसाठी सुमारे २६,६०० अँपिअर-तास लागतात. हा आकडा मात्र कोणत्याही पट्टीने हलत नाही.

फॅरेडे यांनी स्वतः यातले एकही सूत्र मांडले नाही. ते काम पुढच्यांनी केले. १८४० च्या सुमारास त्यांची स्मरणशक्ती त्यांना दगा देऊ लागली. काही काळ प्रयोगशाळाच सुटली. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी नाकारले. १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरियाने दिलेल्या हॅम्प्टन कोर्ट येथील घरात २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले. हायगेट दफनभूमीतील त्यांच्या साध्या दगडावर नाव आहे आणि जन्म-मृत्यूच्या तारखा.