महर्षी विठ्ठल रामजी शिंदे : बहिष्कृतांच्या दुःखाचा शोध

महाराष्ट्रातील समाजसुधारणेच्या इतिहासात फुले, रानडे, आगरकर, कर्वे ही नावे आदराने घेतली जातात. याच परंपरेत ज्यांनी आपले सारे आयुष्य अस्पृश्यतानिवारणाच्या एकाच ध्यासाला वाहिले, त्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे नाव मात्र दीर्घकाळ काहीसे मागे राहिले. बडोद्याच्या मराठी वाचकाला तर या नावाविषयी विशेष जिव्हाळा वाटावा असा ऋणानुबंध आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी ज्या होतकरू तरुणांना विद्यार्थिदशेत हात दिला, त्यांत शिंदे होते आणि पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरही होते. या दोघांच्या मार्गांची भेट आणि ताटातूट समजून घेतल्यावाचून शिंदे यांच्या चरित्राचे मर्म हाती येत नाही.

विठ्ठलरावांचा जन्म 23 एप्रिल 1873 रोजी जमखंडी येथे झाला. दक्षिण महाराष्ट्रातील हे संस्थान आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात मोडते. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा त्यांच्या कानांवर बालपणापासून पडल्या. वडील रामजीबाबा हे वारकरी वृत्तीचे गृहस्थ, आई यमुनाबाई सोशिक व प्रेमळ. घरात जातिभेदाचा काच फारसा नव्हता. निरनिराळ्या जातींच्या माणसांचा तेथे राबता असे. उंबऱ्याबाहेरचे जग मात्र अगदी निराळ्या नियमांनी चालत होते. या दोन जगांतील अंतर या मुलाच्या मनात कुठेतरी नोंदले गेले असले पाहिजे.

अन्यायाची पहिली तीव्र ओळख त्यांना घरातच झाली. धाकटी बहीण जनाक्का हिचे लग्न त्या काळच्या रीतीप्रमाणे अगदी लहान वयात झाले आणि सासरी तिच्या वाट्याला छळ आला. तो छळ करणारी माणसे काही जगावेगळी दुष्ट नव्हती. सुनेने सोसावे, माहेरच्यांनी गप्प बसावे आणि शेजाऱ्यांनी तिकडे काणाडोळा करावा, असा रिवाजच होता. त्या रिवाजाच्या बळावर साधी माणसेही निर्दयपणे वागू शकत होती. विठ्ठलरावांनी बहिणीला परत आणले, शिकविले आणि पुढे हीच जनाबाई त्यांच्या कार्यात आजन्म सहकारी झाली. जुलमाला जुलमी माणसाचा चेहरा असलाच पाहिजे असे नाही, हे त्यांना या प्रसंगाने शिकविले.

जमखंडीहून मॅट्रिक झाल्यावर 1893 मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. घरची गरिबी होती. गंगारामभाऊ म्हस्के यांच्या डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशनचे साहाय्य आणि सयाजीराव महाराजांनी दिलेली दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती यांच्या आधाराने त्यांनी 1898 मध्ये बी. ए. ची पदवी मिळविली. त्याच वर्षी ते प्रार्थना समाजाचे सभासद झाले. वकिलीचा अभ्यास चालू होता. परंतु मन धर्मचिंतनाकडे ओढ घेत होते. 1901 मध्ये युनिटेरियन पंथाच्या साहाय्याने ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तुलनात्मक धर्माच्या अध्ययनासाठी गेले. 1903 मध्ये ॲमस्टरडॅम येथे भरलेल्या उदार धर्माच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हिंदुस्थानातील उदार धर्मावर निबंध सादर करून ते स्वदेशी परतले आणि मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले.

प्रचारकाच्या नात्याने त्यांची भ्रमंती सुरू झाली. या भ्रमंतीत ते केवळ व्याख्याने देत हिंडले नाहीत. ज्या गावी जात तेथील महारवाडा, मांगवाडा पाहात. पाणी कोठून भरतात, मुले शाळेत जातात काय, गेली तर कोठे बसतात, याची चौकशी करीत. नगरजवळील भिंगार येथे 1905 मध्ये रात्रीच्या वेळी झालेल्या अस्पृश्यांच्या एका सभेने त्यांच्या आयुष्याला निर्णायक वळण लागले. या माणसांसाठी स्वतंत्र संस्था काढलीच पाहिजे, असा निश्चय तेथे झाला.

या निश्चयाला त्यांनी अभ्यासाची जोड दिली, हे त्यांचे वेगळेपण होय. अस्पृश्यांविषयी हळहळ व्यक्त करणारे लोक त्या काळीही होते. परंतु अस्पृश्य म्हणजे किती माणसे, कोणत्या प्रांतात किती, हे कोणी मोजले नव्हते. शिंदे यांनी 1901 च्या शिरगणतीचे अहवाल चाळून आकडे एकत्र केले. हिंदुस्थानच्या लोकसंख्येचा सुमारे सहावा हिस्सा, म्हणजे पाच कोटींहून अधिक माणसे, समाजाच्या वेशीबाहेर ठेवलेली आहेत, हे सत्य त्यातून पुढे आले. हे दुःख एखाद्या गावाचे वा एखाद्या जातीच्या दुर्दैवाचे राहिले नाही. एका देशाच्या पोटात दुसरा देश कोंडलेला आहे, असे चित्र उभे राहिले. आपल्या लेखाला त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ असे नाव दिले. पुढे 1927 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पाक्षिकानेही हेच नाव धारण केले, हा योगायोग लक्षणीय आहे.

18 ऑक्टोबर 1906 रोजी मुंबईत परळ येथे डिप्रेस्ड क्लासेस मिशनची पहिली शाळा उघडली. मराठीत या संस्थेस भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी म्हणत. सर नारायण चंदावरकर अध्यक्ष झाले. शाळा, वसतिगृहे, उद्योगशिक्षण, आजाऱ्यांची शुश्रूषा असा कामाचा व्याप वाढत गेला. पुणे, हुबळी आदी ठिकाणी शाखा निघाल्या. पुण्याच्या अहिल्याश्रमास इंदूरच्या होळकर दरबाराचे साहाय्य लाभले आणि अहिल्याबाईंचे नाव त्या वास्तूस मिळाले. अण्णासाहेब स्वतः सहकुटुंब अस्पृश्यांच्या सान्निध्यात राहिले. पत्नी रुक्मिणीबाई व भगिनी जनाबाई यांनी हे जिणे मनापासून पत्करले. स्वजातीयांनी नाके मुरडली, तरी या घराचा नेम ढळला नाही.

या कार्याला राष्ट्रीय व्यासपीठ लाभले ते मार्च 1918 मध्ये. मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय अस्पृश्यतानिवारण परिषदेचे अध्यक्षस्थान सयाजीराव महाराजांनी भूषविले. लोकमान्य टिळक उपस्थित राहिले आणि अस्पृश्यतेच्या विरोधात आवेशाने बोलले. तथापि आपण स्वतः नित्य व्यवहारात अस्पृश्यता पाळणार नाही, अशा प्रतिज्ञापत्रकावर त्यांची सही होऊ शकली नाही. भाषण आणि आचरण यांमधील हे अंतर त्या पिढीतील थोरांनाही ओलांडणे किती अवघड होते, याची ही खूण आहे.

त्याआधी अवघ्या काही महिन्यांपूर्वी, 1917 मध्ये, याच बडोदे शहरात घडलेला प्रसंग येथे स्मरणे प्राप्त आहे. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले भीमराव आंबेडकर करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी आले, तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले. कचेरीतील शिपाईही त्यांच्यापासून दूर राहात. राजा उदार होता, कायदा अनुकूल होता, विद्वत्ता वादातीत होती. तरीही शहराची दारे बंद राहिली. त्या दिवशी दार बंद करणाऱ्या प्रत्येकाला आपण केवळ चालत आलेली रीत पाळतो, असेच वाटले असेल. शिंदे ज्या रोगाचे निदान करीत होते, त्याचे याहून स्पष्ट लक्षण दुसरे सापडणार नाही.

तथापि शिंदे यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण कसोटी सनातन्यांनी घेतली नाही. ती ज्यांच्यासाठी ते झिजले त्यांच्याकडून आली. 1919 मध्ये मताधिकाराच्या प्रश्नाचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे शिंदे व आंबेडकर या दोघांच्याही साक्षी झाल्या. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कोणी व कसे निवडावेत, या प्रश्नावर मतभेद उघड झाले. 1920 मध्ये नागपूर येथे छत्रपती शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या बहिष्कृत परिषदेत मिशनच्या भूमिकेवर प्रखर टीका झाली. आपल्या वतीने दुसऱ्याने बोलावे, मग तो कितीही सज्जन असो, ही व्यवस्थाच नव्या पिढीला मान्य नव्हती. आपले गाऱ्हाणे स्वतःच्या तोंडाने मांडण्याचा हक्क नसणे हेही बहिष्काराचेच एक रूप आहे, असे तिचे म्हणणे होते.

हा घाव अण्णासाहेबांच्या जिव्हारी लागला. परंतु त्यांच्या मोठेपणाची साक्ष पुढील कृतीत मिळते. 1923 मध्ये त्यांनी मिशनची सूत्रे खाली ठेवली व संस्थेचा कारभार अस्पृश्यवर्गीय कार्यकर्त्यांच्या हाती सोपविण्याची वाट मोकळी केली. स्वतःच्या हातांनी उभारलेली संस्था सोडणे कोणाही संस्थापकास सोपे नसते. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची बंद दारे ठोठावली, त्याला आपलेच दार उघडावे लागले आणि त्याने ते उघडले.

पुढील काळातही त्यांची दृष्टी विस्तारतच गेली. पुणे नगरपालिकेच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणातून मुलींना वगळण्याच्या विचाराला त्यांनी कडाडून विरोध केला होता. देवाला मुली वाहण्याच्या मुरळी प्रथेविरुद्ध त्यांनी आवाज उठविला. 1928 नंतर शेतकरी परिषदांमधून कर्जाने व साऱ्याने पिचलेल्या कुणब्याची बाजू मांडली. 1930 च्या कायदेभंगात त्यांनी येरवड्याचा तुरुंगवास सोसला. सून, अस्पृश्य, मुरळी, कूळ या सर्वांची दुःखे वेगवेगळी. परंतु प्रत्येक ठिकाणी सोसणाऱ्याला हे तुझे प्राक्तनच आहे असे पटवून दिलेले असते, हा समान धागा त्यांच्या कार्यातून दिसून येतो. 1933 मध्ये ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अस्पृश्यतेचा उगम, जातिनामांची व्युत्पत्ती, निरनिराळ्या प्रांतांतील स्थिती यांचा त्यात साक्षेपाने शोध घेतला आहे. जे मनुष्यांनी इतिहासात घडविले ते मनुष्यांना मोडताही येते, हा त्या संशोधनामागील विश्वास होता.

अखेरची वर्षे आजारपणात व एकाकीपणात गेली. ब्राह्मणांना ते मराठ्यांचे वाटले, मराठ्यांना ते महारामांगांचे वाटले आणि दलितांच्या नव्या चळवळीला ते परके वाटले. 2 जानेवारी 1944 रोजी पुणे येथे त्यांचे देहावसान झाले.

सार्वजनिक ग्रंथालयाची शताब्दी साजरी करताना या चरित्राचे स्मरण विशेष उचित ठरते. ग्रंथालयाचे दार सर्वांस उघडे असते असे आपण म्हणतो. त्या दारातून आत कोण येतो याची नोंद आपल्या वह्यांत असते. कोण आलाच नाही आणि का आला नाही, याची नोंद कोणत्याही वहीत नसते. अण्णासाहेबांनी आयुष्यभर याच दुसऱ्या नोंदीचा शोध घेतला. ती लिहिण्याचे काम अजून पुरे झालेले नाही.