नाद खुळा! कोल्हापुरात बनलेला कॅमेरा

कॉलेजात सध्या रोलच्या कॅमेऱ्याची हवा आहे. आजोबांच्या कपाटातला साधासुधा कॅमेरा शोधायचा, रोल भरायचा आणि ३६ फोटो जपून काढायचे. डिलीट नाही, फिल्टर नाही. पण साध्या कॅमेऱ्याचा नाद कोल्हापूरला नवा नाही. खरी कॉर्नरवरून गाडी दामटताना कॅमेऱ्याचा स्तंभ दिसतो ना? त्यामागचा माणूस म्हणजे बाबूराव पेंटर.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचाच. घर कारागिरांचं. चित्रकला ते स्वतःच शिकले. नात्यातले भाऊ आनंदराव यांच्यासोबत ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचे. हे पडदे इतके गाजले, की मेस्त्री आडनाव मागं पडलं आणि दोघं ‘पेंटर’ झाले.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि दोघांना सिनेमाचं वेड लागलं. अडचण एकच, विलायती कॅमेरा परवडणारा नव्हता. मग त्यांनी मुंबईहून जुना प्रोजेक्टर आणला, सिनेमे दाखवायला सुरुवात केली आणि यंत्र समजून घेतलं. प्रोजेक्टर आणि कॅमेऱ्याचं काम बरंचसं सारखंच. फिल्म क्षणभर थांबते, झडप उघडते, मिटते आणि फिल्म पुढं सरकते. एक यंत्र प्रकाश बाहेर टाकतं, दुसरं आत घेतं. मग कॅमेरा आपणच का बनवू नये?

काम सुरू झालं. पण १९१६ मध्ये आनंदराव गेले. निम्मी जोडीच संपली. तरी बाबूराव थांबले नाहीत. शिष्य विष्णुपंत दामले यांना घेऊन १९१८ पर्यंत त्यांनी कॅमेरा उभा केलाच. मोटर नाही, हँडल हातानं फिरवायचं. हाताचा वेग चुकला, की पडद्यावरची माणसं धावायलाच लागणार!

याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली. गायिका तानीबाई कागलकरांनी पैसा दिला, शाहू महाराजांनी आधार दिला. १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पुण्यात झळकला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्या काळात पुरुषच स्त्री भूमिका करायचे. बाबूरावांनी मात्र स्त्रियांना पडद्यावर आणलं. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये सावकारानं नाडलेला शेतकरी दाखवला. त्यातला तरुण शेतकरी म्हणजे व्ही. शांताराम.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम बाहेर पडले आणि ‘प्रभात’ उभी राहिली. हाताखाली तयार झालेली माणसं एकदम गेली. पुढं बाबूरावांनीही कंपनी सोडली आणि पुन्हा कुंचला, माती हाती घेतली. शिवाजी चौकातला शिवरायांचा पुतळा त्यांच्याच हातचा. १६ जानेवारी १९५४ ला ते गेले.

‘सैरंध्री’ आज आपल्याला बघता येत नाही. पण महागडं यंत्र नसलं तरी अडत नाही, ते समजून घेतलं पाहिजे, हे बाबूरावांनी करून दाखवलं. त्यामुळे मित्रांनो, पुढच्या वेळी रोल भरण्याआधी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडा, उजेडाकडे धरा आणि बटण दाबा. क्षणभर आत येणारा तो उजेड म्हणजेच फोटो. बाबूरावांनी तोच पकडला होता.