बाजेचा चौथा कोपरा

शुक्रवार, १६ जानेवारी
संत जोसेफ वाझ यांचा सण
आजचं शुभवर्तमान : मार्क २:१-१२



भडगावात सध्या थंडी चांगलीच आहे. पहाटे गिरणेकडून गार वारा येतो आणि पुस्तकाची पानं उलटायला बोटं तयार नसतात. तरी चहा ठेवला, दिवा लावला आणि आजचा उतारा वाचला. मग दुसऱ्यांदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना पुस्तक मिटून ठेवावंसं वाटलं. का, ते शेवटी सांगते.

उतारा आपल्या ओळखीचा आहे. कफर्णहूमातलं घर, दाराबाहेरपर्यंत गर्दी, आणि एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणणारे चौघे. दारातून वाट मिळत नाही म्हणून ते वर चढतात, छप्पर उकरतात आणि माणसासकट बाज खाली सोडतात. खान्देशातल्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. धाब्याचं घर ज्यानं पाहिलंय त्याला माहीत आहे, वर मातीचा थर केवढा असतो, तो उकरायला किती वेळ लागतो आणि खाली बसलेल्यांच्या डोक्यावर काय काय पडतं. घरमालक ओरडलाही असेल. त्या चौघांची नावं मार्क देत नाही. पण प्रभूनं त्यांचा विश्वास पाहिला, हे तो आवर्जून लिहितो. आजारी माणसाच्या विश्वासाचा वेगळा उल्लेखसुद्धा नाही.

आणि आजच संत जोसेफ वाझ यांचा सण. बाज उचलणाऱ्यांची गोष्ट सांगायला यांच्याइतका जवळचा संत मला दुसरा दिसत नाही.

बाणावलीचा मुलगा

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ चा, गोव्यातल्या बाणावलीत. वडील ख्रिस्तोव्हांव वाझ हे सांकवाळचे, आईचं नाव मारिया दे मिरांडा. घर भाविक, भाषा कोंकणी. लहानपणी सांकवाळला पोर्तुगीज आणि बाणावलीला लॅटिन शिकले, पुढं जुन्या गोव्यात वरचं शिक्षण झालं. १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यानंतर त्यांनी पायातलं पायताण काढून ठेवलं. गोव्यातले गरीब अनवाणी चालायचे, म्हणून हेही अनवाणी. पुढच्या वर्षी, ५ ऑगस्ट १६७७ रोजी, त्यांनी स्वतःला पवित्र मरियेचा दास म्हणून लेखी वाहून घेतलं.

त्या काळी युरोपातून आलेल्या संन्यासी संघांमध्ये आपल्याकडच्या माणसाला सहसा जागा नसे. धर्मगुरू व्हायला मिळे, पण मान दुय्यम. फादर वाझ यांनी त्यावर वाद घालत बसण्यात आयुष्य घालवलं नाही. १६८१ ते १६८४ ते कानड्याच्या किनारपट्टीवर, मंगळूरच्या बाजूला सेवेत होते. परत आल्यावर जुन्या गोव्यात काही गोवेकर धर्मगुरू एकत्र राहून प्रार्थना आणि सेवा करत होते, त्यांना ते जाऊन मिळाले. संत फिलीप नेरी यांच्या ओरेटरीच्या धर्तीवर त्यांनी या मंडळाला शिस्त दिली. आपल्या माणसांनी आपल्या माणसांतून उभा केलेला हा संघ होता.

तीस वर्षं धर्मगुरू नाही

पण त्यांचं मन समुद्रापलीकडं होतं, श्रीलंकेत. १६५८ मध्ये डच लोकांनी जाफना घेतलं आणि पोर्तुगीजांची तिथली सत्ता संपली. डच कॅल्व्हिनपंथी. त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना हाकलून दिलं आणि परत यायला बंदी घातली. चर्चं ताब्यात घेतली. लोक मागं राहिले, धर्मगुरूविना. मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, मरणाऱ्याला तैलाभ्यंग नाही. एक-दोन वर्षं नव्हे, जवळजवळ तीस वर्षं.

१६८६ मध्ये फादर वाझ गोव्यातून निघाले. सोबत जॉन नावाचा एक तरुण. १६८७ मध्ये ते लंकेला पोचले, ते मजुराच्या वेषात. वाटेत हगवणीनं इतके खंगले होते की चालवेना. एका बाईनं दिलेल्या पेजेवर ते तगले. विचार करा, लंकेला वाचवायला गेलेला माणूस आधी स्वतःच बाजेवर पडला आणि दुसऱ्या कोणी त्याचा कोपरा उचलला.

बरं वाटल्यावर प्रश्न होता, कॅथलिक ओळखायचे कसे? विचारायची सोय नव्हती. चुकीच्या माणसाला विचारलं तर थेट डचांच्या कैदेत. मग त्यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागायला सुरुवात केली. भिक्षा वाढणाऱ्याचे डोळे जपमाळेवर कसे जातात, हे ते बघायचे. कुठं तिरस्कार, कुठं काहीच नाही, आणि कुठं एकदम डबडबलेले डोळे. अशा एका घराला त्यांनी हळूच सांगितलं की आपण धर्मगुरू आहोत. तीस वर्षांनी त्या गावात पुन्हा मिस्सा झाली, रात्रीची, दारं लावून.

इथं मी नेहमी थांबते. जपमाळ बघून ते डोळे का भरले? तीस वर्षं कुणीतरी त्या घरात रोज संध्याकाळी जपमाळ म्हणत होतं म्हणून. कुणीतरी आई, कुणीतरी आजी. फादर वाझ यांच्या आधी त्या घराची बाज त्यांनीच धरून ठेवली होती.

कँडीचा कैदी

पुढची कथा थोडक्यात सांगते. सिल्लालई गावात त्यांनी मुक्काम केला, रात्रीचे गावोगाव फिरले. १६८९ च्या नाताळात डचांनी जाफन्यात धाड घातली, बरेच लोक पकडले, फादर निसटले. तिथून पुट्टलम, आणि १६९२ मध्ये डोंगरातलं कँडी, जिथं डचांची नव्हे, सिंहली बौद्ध राजाची सत्ता होती. तिथं त्यांना पोर्तुगीजांचा हेर ठरवून कैदेत टाकलं. कैदेत असताना ते सिंहली शिकले आणि आवारात झोपडीवजा प्रार्थनाघर उभं केलं. हळूहळू राजाचा विश्वास बसला. १६९६ मध्ये दुष्काळ पडला, राजानं त्यांना प्रार्थना करायला सांगितलं आणि पाऊस आला, असं तिथले लोक आजही सांगतात. त्यानंतर राज्यात मोकळेपणानं फिरायची मुभा मिळाली. गोव्याहून सोबतीही येऊ लागले. तोवर सुमारे नऊ वर्षं हा माणूस अख्ख्या बेटावर एकटा धर्मगुरू होता.

१६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. लोक आपल्याच माणसांना रानात सोडून पळू लागले. फादर वाझ आणि त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हाल्यो मागं राहिले. आजाऱ्यांना झोपडीत आणलं, पाणी पाजलं, फोड धुतले, मेलेल्यांना पुरलं. कॅथलिक, बौद्ध असं विचारलं नाही.

मुप्पू आणि अन्नावी

पण मला आज ज्या गोष्टीवर मनन करायचं आहे ती ना पाऊस आहे, ना साथ. ती फार साधी आहे.

एकटा धर्मगुरू, मोठं बेट, पायी प्रवास, मागं शिपाई. एका गावात ते वर्षातून किती वेळा जाणार? म्हणून त्यांनी प्रत्येक गावात माणसं नेमली. गावच्या जबाबदार वडीलधाऱ्याला म्हणायचे मुप्पू. प्रार्थना सांगणारा आणि धर्मशिक्षण देणारा तो अन्नावी. रविवारी लोकांना जमवायचं, प्रार्थना चालवायची, मुलांना शिकवायचं, जीव जाऊ घातलेल्या बाळाला बाप्तिस्मा द्यायचा, आजाऱ्याला भेटायचं आणि धर्मगुरू जवळपास असतील तर त्यांच्यापर्यंत निरोप पोचवायचा. रविवारी वाचायला लोकांच्या भाषेत काही हवं म्हणून पुढं फादर जाकोम गोन्साल्विस यांनी सिंहली आणि तमिळमध्ये ग्रंथ लिहिले. तेही गोव्याचेच, १७०५ मध्ये तिथं आलेले.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडीत फादर वाझ प्रभूकडं गेले. वय ५९. परत गोव्याला कधी आले नाहीत. त्यांच्यानंतर डचांचं राज्य आणखी ८५ वर्षं टिकलं, तरी लंकेची ख्रिस्तसभा टिकली. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना कोलंबोत धन्य घोषित केलं आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी तिथंच त्यांना संतपद दिलं. त्या मुप्पूंची नावं मात्र कुठल्या सणांच्या यादीत नाहीत. कफर्णहूमच्या चौघांसारखीच.

आता माझं

आमची मंडळी थोडी. फादर महिन्यातून दोनदा येतात, बाकीचे रविवार आम्हीच एकत्र बसतो. शनिवारी कुणी झाडून घेतं, कुणी वेदीवर फुलं ठेवतं. पेटी एक जण वाजवतो, वाचनं दोघं करतात, एक ताई मुलांना धर्मशिक्षण देते. कापसाची वेचणी असली की निम्मी मंडळी उशिरा येते, हातांना बोंडांचे ओरखडे घेऊन. माझ्याकडं एक वही होती. आजाऱ्यांची वही. कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाला दवाखान्यात नेलंय, कुणाला कम्युनियन हवं आहे, ते लिहायचं आणि फादर यायच्या आदल्या दिवशी त्यांना फोन करायचा. एवढंच काम.

नाताळच्या तयारीच्या बैठकीत कुणीतरी बोलून गेलं की वही सांभाळण्यात काय एवढं मोठं. बोलणाऱ्याच्या मनात फारसं काही नसावं. माझ्या मनात मात्र ते रुतलं. मी वही टेबलावर ठेवली आणि घरी आले. कुणी समजूत काढायला येईल म्हणून आठवडाभर वाट पाहिली. कुणी आलं नाही. कामं होती सगळ्यांना.

त्यानंतर एका शुक्रवारी शेजारणीनं सांगितलं की आमच्यातल्या एक आजी तापानं फणफणल्यात, फादर येतील का विचारतात. तिनं मला सांगितलं, कारण तिच्या लेखी ते काम अजून माझंच होतं. मी मनात म्हटलं, आता वही माझ्याकडं नाही, ज्याच्याकडं आहे तो बघेल. वही कुणाकडंच नव्हती. ती त्याच टेबलावर होती. रविवारी फादर आले, मिस्सा झाली, चहा झाला, फादर पुढच्या गावी गेले. आजींचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर. मंगळवारी पहाटे आजी गेल्या.

मातीला गेले तेव्हा सुनेनं मला एकच विचारलं, रविवारी फादर आले होते का. मी हो म्हटलं. तिनं मान हलवली आणि पाणी द्यायला आत गेली.

नंतर मी पापनिवेदनात हे सांगितलं. देवाची दया आमच्या वहीवर अवलंबून नाही, हे मला माहीत आहे. आजी आयुष्यभर जपमाळ म्हणत आल्या, त्या प्रभूजवळ आहेत यात मला शंका नाही. पण मी माझा कोपरा सोडला होता, हे त्यानं पुसलं जात नाही. बाज चौघांनी धरलेली असते. एकानं रुसून हात काढला तर बाकीच्या तिघांना त्रास होतोच, पण पडतो तो वरचा माणूस. त्याचं तर भांडणही नसतं कुणाशी.

फादर वाझ यांच्या गावांतले मुप्पूसुद्धा माणसंच होती. त्यांच्यातही मानपान झाले असतील, कुणी कुणाला टोचून बोललं असेल. तरी रविवारी कुणीतरी दिवा लावला आणि कुणीतरी रात्रीची वाट तुडवून निरोप पोचवला, म्हणून ती मंडळी टिकली.

गेल्या रविवारी मी वही परत मागितली. कुणी काही बोललं नाही, पेटी वाजवणाऱ्या भाऊंनी ती पुसून हातात दिली. त्यात आजींचं नाव आहे, जुन्या आजारपणाच्या वेळचं, माझ्याच अक्षरात. ते मी खोडलेलं नाही. आज सकाळी सुनेकडं जाणार आहे. शेजारणीनं शुक्रवारी मला निरोप दिला होता, हे तिला अजून माहीत नाही. ते तिला माझ्या तोंडून कळलं पाहिजे. मिस्सा आणि मनन त्यानंतर.

आजचा संकल्प

आपल्या धर्मग्रामात आपण रागानं सोडून दिलेलं एखादं काम आहे का? झाडू असेल, गाण्याची वही असेल, मुलांचा वर्ग असेल. ते आता कोण करतंय, की कुणीच करत नाही, एवढं आज जाऊन बघू या.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू त्या चौघांचा विश्वास पाहिलास. आमच्या हातांकडंही बघ. जिथं आम्ही मानापमानासाठी कोपरा सोडला, तिथं आम्हाला क्षमा कर आणि पुन्हा उचलायचं बळ दे. ज्यांना आमच्यामुळं वाट पाहावी लागली, त्यांना तुझ्याजवळ विसावा दे. संत जोसेफ वाझ, आमच्या खान्देशातल्या लहान लहान मंडळ्यांसाठी विनंती कर. आमेन.