फिरोजशाह मेहता

सर फिरोजशाह मेरवानजी मेहता (४ ऑगस्ट, इ.स. १८४५ - ५ नोव्हेंबर, इ.स. १९१५) हे भारतीय कायदेपंडित, भारतीय राष्ट्रीय काँग्रेसमधील मवाळ गटाचे नेते आणि मुंबई महानगरपालिकेच्या घटनेचे प्रमुख शिल्पकार होते. शहराचे रस्ते, पाणीपुरवठा व मलनिःसारण यांवरील खर्च कोणी ठरवावा आणि त्याचा हिशेब कोणाला द्यावा, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर इ.स. १८८८ च्या मुंबई पालिका अधिनियमात उतरले. तो अधिनियम दुरुस्त्यांसह आजही लागू आहे.

सुरुवातीचे जीवन

मेहता यांचा जन्म मुंबईतील एका पारशी व्यापारी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून शिक्षण घेऊन त्यांनी एम.ए. पदवी मिळवली. पुढे इंग्लंडमध्ये लिंकन्स इन येथे कायद्याचा अभ्यास करून ते इ.स. १८६८ मध्ये बॅरिस्टर झाले व मुंबईस परतून वकिली करू लागले.

क्रॉफर्ड प्रकरण

इ.स. १८६५ च्या कायद्याने मुंबईचा कारभार सरकारनियुक्त ‘जस्टिस ऑफ द पीस’ यांच्या मंडळाकडे सोपवला होता. प्रत्यक्ष अंमलबजावणीचे अधिकार मात्र एकट्या आयुक्ताकडे होते. पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी गटारे, रस्ते, सफाई व मंडया यांची कामे झपाट्याने हाती घेतली. त्यामुळे शहराचे आरोग्य सुधारले. परंतु त्याच वर्षी अमेरिकेतील यादवी युद्ध संपून कापसाची तेजी ओसरली होती, व्यापारी पेढ्या बुडाल्या होत्या आणि करदाते अडचणीत आले होते. पालिकेचा खर्च उत्पन्नापेक्षा वाढत गेला. त्याला वेळीच आवर घालणारी यंत्रणा नव्हती. इ.स. १८७१ मध्ये करदात्यांचा असंतोष उफाळून आला.

आयुक्ताचे अधिकार काढून ते एखाद्या समितीकडे द्यावेत, अशी मागणी तेव्हा जोर धरत होती. फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये वाचलेल्या निबंधात मेहता यांनी वेगळी भूमिका मांडली. दोष एका व्यक्तीचा नसून कायद्याच्या रचनेचा आहे. कामे पार पाडण्यासाठी एकच जबाबदार अधिकारी असावा, पण पैशावरील ताबा करदात्यांनी निवडलेल्या सभेकडे असावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. ही भूमिका त्या वेळी लोकप्रिय ठरली नाही.

इ.स. १८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांची पालिका स्थापन झाली. त्यांपैकी ३२ सदस्य करदात्यांनी, १६ जस्टिसांनी व १६ सरकारने निवडायचे होते. मताधिकार ठरावीक रकमेहून अधिक कर भरणाऱ्यांपुरताच असल्याने बहुसंख्य कष्टकरी नागरिक त्याबाहेर राहिले.

इ.स. १८८८ चा अधिनियम

मेहता अनेक वर्षे पालिकेचे सदस्य होते आणि इ.स. १८८४ व १८८५ मध्ये ते तिचे अध्यक्ष होते. नव्या अधिनियमाच्या विधेयकावर विधिमंडळात चर्चा झाली, तेव्हा त्यांनी काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासह पालिकेचे अधिकार अबाधित राहावेत यासाठी प्रयत्न केले. या अधिनियमाने सदस्यसंख्या ७२ झाली व स्थायी समिती निर्माण झाली. आयुक्ताने अंदाजपत्रक तयार करावे, स्थायी समितीने ते तपासावे आणि पालिकेने मंजूर करावे, असा क्रम ठरला.

अधिनियमात पालिकेची कामे अनिवार्य व ऐच्छिक अशा दोन गटांत विभागली आहेत. गटारे, पाणीपुरवठा, रस्ते व दिवाबत्ती यांची केवळ उभारणीच नव्हे, तर देखभालही अनिवार्य मानली गेली. त्यासाठी मालमत्तेवर सामान्य कर, पाणीपट्टी व मैला वाहून नेण्याबद्दलचा हलालखोर कर, तसेच शहरात येणाऱ्या मालावर जकात बसवण्याचा अधिकार पालिकेस मिळाला. मोठ्या कामांसाठी कर्ज काढण्याची व परतफेडीसाठी निधी बाजूला ठेवण्याची तरतूदही होती. इ.स. १८९२ मध्ये तानसा तलावाचे पाणी मुंबईस मिळू लागले.

पोलीस खात्याच्या खर्चाचा भार पालिकेवर असणे हा दीर्घकाळ वादाचा विषय होता. इ.स. १९०७ च्या कायद्याने तो सरकारने स्वीकारला आणि मोबदल्यात प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय मदत यांची अधिक जबाबदारी पालिकेकडे आली.

इ.स. १९०७ ची निवडणूक

पालिकेवरील मेहता यांचे वर्चस्व काही युरोपीय अधिकाऱ्यांना व संपादकांना खुपत असे. इ.स. १९०७ मध्ये त्यांनी जस्टिसांच्या १६ जागांसाठी संघटितपणे उमेदवार उभे केले. मेहता १७ वे आले व पराभूत झाले. मात्र निवडून आलेला एक सदस्य अपात्र ठरल्याने त्यांना पुन्हा पालिकेत स्थान मिळाले.

इतर सार्वजनिक कार्य

बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशनच्या स्थापनेत (इ.स. १८८५) बद्रुद्दीन तय्यबजी व तेलंग यांच्यासह त्यांचा पुढाकार होता. इ.स. १८९० च्या कलकत्ता काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. इ.स. १९०४ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. इ.स. १९११ मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाचे ते पहिले अध्यक्ष होते. इ.स. १९१३ मध्ये त्यांनी बॉम्बे क्रॉनिकल हे वृत्तपत्र सुरू केले.

मृत्यू व वारसा

५ नोव्हेंबर, इ.स. १९१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. महानगरपालिकेच्या मुख्यालयासमोर त्यांचा पुतळा उभा आहे. निवडून आलेली सभा व कामकाज चालवणारा अधिकारी ही विभागणी पुढे राज्यातील इतर शहरांच्या कारभारातही दिसते. इ.स. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमानुसार चालणाऱ्या वाशीम, कारंजा किंवा रिसोड यांसारख्या नगरपरिषदांमध्ये अंदाजपत्रक सभा मंजूर करते आणि अंमलबजावणी मुख्याधिकारी करतो.